एकही सुरकुती नसलेली खोली

हॉटेलातली एक खोली आवरायला तिला वीस मिनिटं पुरत. बाकीच्या बायकांना अर्धा तास लागे, आणि तरी कुठे ना कुठे काहीतरी राहून जाई. आरशाच्या कडेला बोटाचा ठसा, न्हाणीघराच्या जाळीत अडकलेला केस, पेल्यानं टेबलावर उमटवलेलं पाण्याचं कडं. तिनं आवरलेल्या खोलीत असलं काही सापडायचं नाही. काम संपलं की ती आधी दारात उभी राहून बघे, मग खुर्चीत बसून बघे, आणि शेवटी पलंगाशी वाकून मान उशीइतकी खाली नेऊन बघे. हे शेवटचं फक्त तीच करी. दमून आलेलं गिऱ्हाईक पहिलं आडवं होतं, आणि आडवं झालेल्या माणसाला टेबलाच्या खालचं दिसतं, असं तिचं म्हणणं. सुपरवायझर नव्या मुलींना तिच्याकडे पाठवी आणि सांगे, "हिच्याकडून शिका. काल या खोलीत कोणी झोपलं होतं असं सांगितलं, तर ते खोटं वाटलं पाहिजे."

सगळ्यांना वाटे, ही कला तिनं हॉटेलात कमावली. खरं म्हणजे निम्मीअधिक ती बाहेरच शिकून आली होती.

तिचा नवरा गाडी चालवायचा. गाडी कर्जाची, आणि कर्जाच्या कागदावर सह्या दोघांच्या. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी हप्ते तुंबले, मग गाडी ओढून नेली, आणि त्यानंतर आठेक दिवसांनी नवरा "काम बघून येतो" म्हणून जो गेला तो गेलाच. फोन बंद. मागे राहिल्या त्या दोन मुली, ती आणि कागदावरची तिची सही. घरमालक तसा भला माणूस. त्यानं तीन महिने वाट बघितली आणि चौथ्या महिन्यात, मान खाली घालून का होईना, कुलूप बदललं.

मग सुरू झाली पाहुणी म्हणून राहण्याची फेरी. थोरल्या बहिणीकडे दीड महिना, मैत्रिणीकडे पंधरा दिवस, मावसभावाकडे तीन आठवडे. कोणी वाईट वागलं असं ती आजही म्हणणार नाही. पण बहिणीकडे असताना एका सकाळी दाजींना सोफ्याच्या फटीत धाकट्या लेकीची केसांची पिन सापडली. पिन दोन बोटांच्या चिमटीत धरून त्यांनी ती हिच्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवली आणि पेपर उघडून बसले. बस, एवढंच. पण त्या पिनेनं जे टोचलं ते कोणाच्या शिव्यांनीही टोचलं नसतं. त्या दिवसापासून तिनं मुलींना एकच गोष्ट शिकवली, आपण जिथे झोपलो तिथे आपण झोपलो होतो हे कुणाला दिसता कामा नये.

अशा रीतीनं चार महिन्यांपूर्वी तिघी पालिकेच्या तात्पुरत्या निवाऱ्यात आल्या. निवारा म्हणजे जुनं वसतिगृह. मोठमोठ्या हॉलमध्ये प्लायवूड उभं करून खोल्या पाडलेल्या. त्यातली चौदा नंबरची यांना मिळाली. दोन खाटा, एक टेबल, एक खुर्ची, भिंतीला फळी, आणि एक खिडकी, जी अर्धीच उघडे. घर गेलेल्या कुटुंबांना इथे सहा महिने राहता येई. तेवढ्यात कायमच्या घरांच्या यादीत नंबर लागला तर उत्तम, नाही लागला तर मुदत वाढवून मिळे. अट एकच, खोलीत खरोखर राहायचं. कारण काही महाभाग खोली पदरात पाडून घेत, तिला कुलूप ठोकत आणि खुशाल नातेवाइकांकडे राहत. तिकडे यादीतला त्यांचा नंबर आपला पिकत राही.

ती आली तेव्हा तिचा नंबर चौऱ्याऐंशी होता. आता एकतिसावर आला होता. कर्जाचा हप्ता गेल्यावर हातात जे उरे त्यात भाड्याचं घर घेणं पुढची दोन वर्षं तरी शक्य नव्हतं. तेव्हा तिची सगळी भिस्त त्या एकतिसावर. थोरली, म्हणजे दहा वर्षांची लेक, दर सोमवारी फळ्यावर लावलेली यादी वाचून येई आणि परीक्षेत पास झाल्यासारखी सांगे, "आई, दोनानं खाली आलो!"

चौदा नंबरमध्ये रोज सकाळी काय चाले ते बघण्यासारखं होतं. साडेसहाला तिघी तयार. ती चादरी ताणून गादीच्या कोपऱ्यांना पाकिटासारख्या घड्या घाली. थोरली कपडे, कंगवा, ब्रश, वह्या असं सगळं दोन पिशव्यांत भरे आणि पिशव्या खाटेखाली अगदी भिंतीपर्यंत सरकवी. पाच वर्षांची धाकटी पोटावर लोळत जमिनीवरचे केस गोळा करी. "सापडला! हा तुझा, आई. लांब आहे." केराची टोपली धुऊन, पुसून, उपडी. मग दार लावून एक हॉटेलात, दोघी शाळेत. शाळा सुटली की मुली शाळेच्याच वाचनखोलीत बसत आणि संध्याकाळी तिच्याबरोबर परतत. वाढीव मुदत, कायमचं घर हे पुढचं पुढे. पण उद्या कोणी उठा म्हणालं, तर पाच मिनिटांत उठता येईल अशी तिची तयारी.

आणि नेमकी ही तयारीच तिच्या अंगलट आली.

एका मंगळवारी संध्याकाळी त्या परतल्या तर दाराच्या फटीत कागद खोचलेला. तिनं तो एकदा वाचला, मग पुन्हा वाचला, मग थोरलीला वाचायला दिला, कारण आपल्याच डोळ्यांवर तिचा विश्वास बसेना. अचानक केलेल्या पाहणीत खोली वापरात नसल्याचं आढळलं होतं. पुढच्या सोमवारी पुन्हा पाहणी होईल, कुटुंबातल्या सर्वांनी हजर राहावं, एका शेजाऱ्याचं लेखी निवेदन द्यावं. समाधान न झाल्यास खोली काढून घेतली जाईल आणि यादीतून नाव कमी होईल.

मुलींना खोलीत बसवून ती खाली रखवालदारकाकांकडे धावली.

"काका, तुम्ही होतात ना बरोबर? तुम्ही सांगितलं नाहीत?"

"अहो, दुसऱ्या किल्लीनं दार मीच उघडून दिलं!" काका कानाला हात लावत म्हणाले. "आत पाऊल टाकलं आणि मलाच वाटलं, चुकीची खोली उघडली. परत बाहेर येऊन नंबर बघितला. पाहणीचे साहेब म्हणाले, राहतात तर ब्रश कुठाय? टॉवेल कुठाय? मी म्हटलं, बाई नीटनेटक्या आहेत. ते म्हणाले, नीटनेटकेपणाला काही मर्यादा? खरं सांगा बाई, केराची टोपली कोणी धुतं का?"

"मी धुते."

"मग घ्या आता धुऊन," काका म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. "बसा. चहा घेता?"

चहा घेण्याच्या मनःस्थितीत ती नव्हती. वर येता येता तिनं ठरवलं. साहेबांना राहती खोली बघायची आहे ना? मग दाखवू राहती खोली.

शनिवारी दुपारी तिनं मुलींना समोर उभं केलं आणि म्हणाली, "पसारा करा."

धाकटीनं थोरलीकडे बघितलं. थोरलीनं आईकडे. यात काहीतरी फसवणूक आहे हे दोघींनाही स्पष्ट दिसत होतं.

"खरंच?" धाकटीनं विचारलं.

"अगदी खरंच."

"ओरडणार नाहीस?"

"नाही गं."

मग काय! पिशव्या उपड्या झाल्या. वह्या टेबलावर, टॉवेल खुर्चीवर, एक मोजा फळीवर आणि दुसरा कुठे गेला कोणास ठाऊक. धाकटी खाटेवर नाचली. पण गंमत अशी, की मुली पुढे पसरत चालल्या आणि आई मागून आवरत चालली. तिला स्वतःलाही ते कळत नव्हतं. टॉवेल खुर्चीवर पडला की तिचा हात जाऊन त्याच्या कडा जुळवी. वह्या पसरल्या की ती त्यांची चळत करी. शेवटी थोरलीनं कमरेवर हात ठेवले.

"आई, तू बाहेर जाऊन बस बघू. तुझ्यानं हे व्हायचं नाही."

तिला हसू आलं. ती निमूट बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसली. आतून खिदळण्याचे आवाज येत होते. इतक्या मोठ्यानं त्या दोघी शेवटच्या कधी हसल्या होत्या, हे तिला आठवेना.

तेवढ्यात पंधरा नंबरमधली पार्लरवाली जिना चढून आली. ही आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर पलीकडच्या खोलीत राहायची. चार महिन्यांत दोघींचं बोलणं म्हणजे नळावर "तुमची बादली भरली" एवढंच.

"काय हो, पोरींनी घराबाहेर काढलं वाटतं?"

"हो. आत पसारा करताहेत."

"आणि तुम्ही करू देताय?" पार्लरवाली पिशवी खाली ठेवून सरळ शेजारच्या पायरीवर बसली. "तब्येत बरी आहे ना?"

या प्रश्नावर तिला सगळं सांगावंच लागलं. सांगताना नोटिशीचा कागद हातातच होता, त्याच्या घड्या घालून घालून चुरा व्हायची वेळ आली होती. शेवटी ती अवघडून म्हणाली, "शेजाऱ्याचं निवेदन हवंय. पण मागणार कोणत्या तोंडानं? आम्ही इथे राहतो हे तुम्हाला तरी कुठून माहीत असणार? आमचा तर आवाजही नसतो."

"आवाज नसतो?" पार्लरवालीनं कपाळाला हात लावला. "अहो बाई, मधे प्लायवूड आहे, किल्ल्याची तटबंदी नाही! तुमची धाकटी झोपायच्या आधी तीनदा पाणी मागते. तुम्ही स्वतःशी हिशेब पुटपुटता आणि मधेच अगं आई गं म्हणता. आणि थोरली! रोज संध्याकाळी सतराचा पाढा. सतरा सक एकशे दोनपर्यंत झोकात येते, आणि सतरा साते म्हटलं की गाडी थांबते. माझ्या आईला कमी ऐकू येतं, तर ती मला रोज विचारते, आज पुढे गेली का गं? आम्ही दोघी श्वास रोखून बसतो. काल तर मी ओरडणारच होते, एकशे एकोणीस गं बाई, एकशे एकोणीस!"

ती बघतच राहिली. चार महिने ती पावलं न वाजवता चालत होती. आणि भिंतीच्या पलीकडे दोन बायका रोज तिच्या लेकीसाठी श्वास रोखून बसत होत्या.

"मला वाटायचं तुम्हाला त्रास होत असेल," ती कशीबशी म्हणाली.

"होतो ना त्रास. सतरा सातेचा होतो." पार्लरवालीनं हात पुढे केला. "द्या कागद. आणि एक सांगू? मला वाटायचं, बाई गर्विष्ठ आहे. कधी काही मागायला येत नाही, कधी काही द्यायला येत नाही. आता कळलं, गर्विष्ठ नाही, येडी आहे."

निवेदन तिथल्या तिथे, पायरीवर बसून, मांडीवर कागद ठेवून लिहून झालं. थोरली दारात येऊन वाचू लागली आणि किंचाळली. "पाढ्याचं नका ना लिहू!"

"पुरावा आहे तो," पार्लरवालीनं बजावलं. "पुराव्याला हात लावायचा नाही."

सोमवारी साहेब आले. वयस्कर, एका पायावर भार देत चालणारे, चष्मा कपाळावर. बरोबर रखवालदारकाका. साहेबांनी दारातूनच खोलीवर नजर फिरवली. गोळा झालेल्या चादरी, खुर्चीवर टॉवेल, जमिनीवर खडू, टेबलावर उष्टा कप. त्यांनी मान डोलावली, पण ती पसंतीची नव्हती. निवेदन हातात घेऊन ते वाचू लागले, आणि वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या.

"थोरल्या मुलीला सतराचा पाढा येत नाही, हे मी स्वतः रोज ऐकते." त्यांनी थोरलीकडे बघितलं. "सतरा साते?"

"एकशे एकोणीस," थोरली ताडकन म्हणाली.

अपमान सहन न होऊन पोरीनं दोन दिवसांत पाढा घोटून पाठ केला होता. पुढचे सगळेही तिनं न विचारता म्हणून टाकले, सतरा दाहे एकशे सत्तरपर्यंत.

"येतोय की हिला!" साहेब म्हणाले.

"परवापर्यंत येत नव्हता हो साहेब!" प्लायवूडच्या पलीकडून पार्लरवाली ओरडली. "आईशप्पथ येत नव्हता!"

साहेब हसले नाहीत. ते खुर्चीवरचा टॉवेल बाजूला करून बसले आणि गुडघा चोळत म्हणाले, "बाई, लावलेले पसारे मी पुष्कळ बघितलेत. कोणी शेजारणीची भांडी आणून मांडतं, कोणी दोरीवर नवेकोरे कपडे वाळत घालतं. हे बघा." त्यांनी फळीकडे बोट दाखवलं. तीन ब्रश तिथे एका रांगेत, सारख्या अंतरावर, दाते एकाच बाजूला करून ठेवलेले होते. सकाळी जाता येता तिच्या हातून ते झालं होतं. "ज्या घरात जमिनीवर खडू सांडलेत, त्या घरात ब्रश असे असतात? खरं काय ते सांगा."

थोरली तिच्या ओढणीचं टोक धरून उभी होती. खोटं पुढे रेटावं असं एकदा मनात आलं, पण ते तिला जमणारं नव्हतं. परवा पसारासुद्धा जमला नव्हता.

"साहेब, हा लावलेलाच आहे," ती म्हणाली. "मागच्या वेळी तुम्ही बघितलीत ना, ती खरी खोली."

"मागच्या वेळी इथे काहीच नव्हतं."

"तेच. तशीच असते रोज. नऊ मिनिटं थांबता? दाखवते."

साहेबांनी रखवालदारकाकांकडे बघितलं. काकांनी घड्याळाकडे बघितलं. कोणी नको म्हणायच्या आत ती कामाला लागलीसुद्धा.

चादर हवेत उडाली आणि पडली ती सरळच पडली. तळव्याच्या दोन फटक्यांत तिच्यावरची रेघ न् रेघ गेली, कोपऱ्यांची पाकिटं मिटली. थोरलीनं पिशव्या ओढल्या. कपडे गुंडाळले, वह्या उभ्या सरकवल्या, ब्रश टॉवेलात, टॉवेल पिशवीत. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं. धाकटी पोटावर लोळत साहेबांच्या खुर्चीपाशी आली तसे साहेबांनी आपणहून दोन्ही पाय वर उचलले. "सापडला," ती म्हणाली, "हा पांढरा आहे. तुमचा." काकांनीही एकेक पाय उचलून दाखवला. कप धुतला गेला, टोपली धुतली गेली, खडूची शेवटची भुकटी ओल्या फडक्यात उचलली गेली. मग ती दारात जाऊन उभी राहिली आणि बघू लागली. मग पुढे आली आणि थबकली.

"साहेब, जरा उठता? मला तिथे बसून बघायचं असतं."

साहेब उठले. ती बसली, चारी बाजूंना बघितलं, उठली, साहेबांचा हात टेकला होता तिथे टेबल पुसलं, आणि शेवटी खाटेशी वाकून मान उशीपर्यंत नेऊन बघितलं.

"झालं," ती म्हणाली.

"आठ मिनिटं," काका हळूच म्हणाले.

साहेबांनी मोबाइल काढला, मागच्या पाहणीचा फोटो लावला आणि डोळ्यांसमोर धरला. मग मोबाइल खाली केला. मग पुन्हा वर केला. फोटोत आणि खोलीत फरक एकच होता, खोलीत एक बाई आणि दोन मुली भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, जागा अडू नये अशा बेतानं.

"हे रोज करता?"

"रोज."

"कशासाठी?"

हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"मागच्या घराचं कुलूप बदललं तेव्हा हिचा एक बूट आत राहिला," धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली. "नंतर मागायला गेले तर घरात दुसरे लोक आले होते. ही महिनाभर विचारत होती, आई, माझा बूट तिथे एकटा काय करत असेल. म्हणून. पुन्हा कोणी जा म्हटलं तर काही मागे राहू नये."

भिंतीपलीकडे कोणीतरी नाक ओढलं. साहेबांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, वही उघडली आणि उभ्या उभ्या लिहू लागले. खूप वेळ लिहिलं असं तिला वाटलं, पण ओळी दोनच असाव्यात.

"मुदत संपायच्या आत तुम्हाला कोणी जा म्हणणार नाही," ते लिहिता लिहिता म्हणाले. "मुदतवाढीची शिफारस मी आजच करतोय. यादीतला नंबर आहे तो आहे. आणि बाई, दुसरं कोणी तपासायला आलं तर त्याला माझ्यासारखा वेळ असेलच असं नाही. ब्रश तेवढे बाहेर ठेवत जा."

तिला "ठेवते" म्हणायचं होतं. त्याऐवजी भलतंच तोंडातून गेलं.

"साहेब, काय लिहिलंत ते वाचून दाखवता?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग वहीकडे. "खोली क्रमांक चौदा. आई आणि दोन मुली. या खोलीत राहतात."

"आम्ही?" धाकटीनं विचारलं.

"तुम्ही."

"परत वाचा."

"साहेब," रखवालदारकाका दारातून खाकरले, "अजून नऊ खोल्या आहेत."

"असू द्या," साहेब म्हणाले, आणि पलीकडच्या म्हातारीलाही ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.